लाल ओढणीचा मासा

तो मासा माझ्याकडे सोळा दिवस होता. वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, फाटक्या पुस्तकांच्या मागे. पानं सुटलेली पुस्तकं मी तिथं शिवायला ठेवतो, त्यामुळे तो खण माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

हे मला नीट सांगता येईल का, शंकाच आहे. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळलं, स्वतः अर्जापलीकडे काही लिहिलं नाही. तरी पेटीपासून सुरुवात करतो.

एप्रिल संपता संपता पुण्याच्या एका बाईंनी आमच्या वाचनालयाला मुलांच्या जुन्या पुस्तकांची एक पेटी पाठवली. आमचं गाव संगमनेरपासून चौदा किलोमीटरवर. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली आणि बाहेरून गच्चीवर जाणारा जिना. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण माझ्या जागी कुणाला नेमलंच नाही, म्हणून किल्ली माझ्याकडेच. रोज न चुकता येणारे दोघंच. एक इब्राहिम शिंपी, दुकान उघडण्याआधी पेपर वाचायला. तो मला मास्तर म्हणतो. मी मास्तर कधी नव्हतो, पण तीस वर्षांत मी त्याची चूक सुधारली नाही आणि आता ती चूक राहिली नाही. दुसरी त्याची नात आलिया, नऊ वर्षांची. चौथीची परीक्षा झाल्यापासून ती सकाळी येऊन दुपारी भूक लागली की घरी जायची.

पेटीतलं एक पुस्तक निरनिराळ्या देशांतल्या सणांचं होतं. ते उघडून ती माझ्या टेबलाजवळ आली.

"सर, हे लोक मासे वाळत का घालतात?"

चित्रात एक घर होतं. घरापुढे उंच काठी आणि काठीवर वाऱ्यानं फुगलेले तीन कापडी मासे. काळा मोठा, त्याखाली तांबडा, त्याखाली निळा छोटा.

"वाळत घातलेले नाहीत. जपानचा सण आहे. पाच मेला लावतात."

"आमच्या दारात लावले असते तर मांजरानं नेले असते."

मी तिला मजकूर वाचून दाखवला. मुलगा असेल त्या घरावर हा मासा चढवतात. आपल्या रोहूच्या जातीचाच, पण धारेच्या उलट पोहणारा. धबधबासुद्धा चढून जातो म्हणतात. तसं पोरानं व्हावं म्हणून.

"आणि मुलीचा?"

मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुलीचा दिलेला नाही. त्यांचा बाहुल्यांचा सण वेगळा असतो."

"बाहुल्या काय, नुसत्या बसून असतात." तिनं थोडा वेळ चित्राकडे पाहिलं. "मग अझीमचा करू. आमच्याकडं हाय की मुलगा."

अझीम तिचा भाऊ, पाच महिन्यांचा. तिनं बोटांवर दिवस मोजले. सहा होते.

पाच मेला साडेनऊच्या सुमारास ती आली. डावा गाल लाल झाला होता. फ्रॉकखालून तिनं लाल कापडाची घडी काढली. जरीचा काठ असलेली, मधोमध कापलेली ओढणी.

"अम्मीनं मारलं," ती म्हणाली. "तिच्या निकाहची होती." आणि हसली. तोंडावर हात ठेवून हसायची सवय होती तिला, पुढचा एक दात पडला होता म्हणून. "अर्धी ठेवलीय घरी. संध्याकाळी तिलाच शिवायला लावते. शिवायला बसली की तिचा राग जातो. त्या अर्ध्याचा माझा मासा. पुस्तकात नसला तरी."

मी तिला पुस्तकं शिवायची सुई दिली आणि मेण लावलेला दोरा. तोंडाला मोडक्या छत्रीची तार वाकवून कडी केली. खवल्यांसाठी तिनं वाचनालयाचा गोल शिक्का मागितला. तो असा कुठंही उठवायचा नसतो, पण मी दिला. जांभळ्या शाईचे चाळीसएक गोल तिनं माशाच्या अंगभर उठवले. मग गुढीपाडव्याला मी वापरतो ती वेळूची काठी आम्ही गच्चीवर नेली, टाकीच्या पाइपला बांधली आणि मासा चढवला.

तो फुगला. मला वाटलं नव्हतं फुगेल. वाचलेली एखादी गोष्ट इतक्या वर्षांत प्रथमच माझ्या डोळ्यांसमोर खरी झाली होती, आणि मी बराच वेळ मान वर करून उभा होतो.

साडेअकराला वावटळ आली. वैशाखात आमच्याकडे येतात तशीच, धूळ आणि पाचोळा घेऊन. कडीची गाठ सुटली. मासा ओढ्याच्या पलीकडे हनुमंताच्या डाळिंबाच्या बागेकडे गेला आणि तिथल्या शेततळ्याच्या बांधामागे दिसेनासा झाला.

आलिया रडवेली झाली. तिला हसवावं म्हणून मी म्हणालो, "मासा आहे तो. पाण्याकडेच जाणार."

मी सहसा विनोद करत नाही. मला ते जमत नाहीत.

ती जिना उतरून गेली. मी खाली येऊन खुर्चीत बसलो.

दुपारी दीडला हनुमंताला तळ्याच्या काठावर चप्पल दिसली. शेततळ्यात काळं प्लास्टिक अंथरलेलं असतं. त्याच्या उतारावर एकदा पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तारेच्या कुंपणाला एका ठिकाणी भगदाड होतं. शेळ्यांनी केलेलं, हनुमंत सगळ्यांना सांगत होता, दोनदा बांधून घेतलं होतं. त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

तिला बांधावर ठेवलं तेव्हा मी तिथं होतो. गाव जमलं होतं. प्रत्येक जण एकच विचारत होता, एवढ्या उन्हात पोर इकडं आलीच कशाला?

तिची आजी, बद्रुन्निसा भाभी, म्हणाल्या, "आईनं तोंडात मारली तिच्या. कापडाच्या एका तुकड्यापायी. रुसून निघाली आन् इथं येऊन पडली."

सगळ्यांनी आलियाच्या आईकडे, नाझनीनकडे पाहिलं. ती आलियाची ओली वेणी पिळत बसली होती. केस धुतल्यावर पिळतात तशी.

माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. मग कुणीतरी म्हणालं, बाजूला व्हा, आणि मी बाजूला झालो. घरी जाताना गच्चीवर चढून काठी सोडली. ती रिकामी काठी दिवसभर तिथं होती, कुणी वर पाहिलं नव्हतं.

खाली येऊन मी ते पुस्तक उघडलं. का, ते सांगता येणार नाही. त्या दिवशी मी वाचलं होतं त्याच्या पुढचं पान उलटलं. वरच्याच ओळीत होतं की पूर्वी हा सण मुलग्यांचा होता, आता तो सगळ्या मुलामुलींचा मानतात, आणि पुष्कळ घरांत मुलीचाही मासा लावतात.

आठ-दहा दिवसांनी इब्राहिम पुन्हा पेपर वाचायला येऊ लागला. पेपर समोर धरायचा, पण पान उलटायचा नाही.

"सून जेवत न्हाई," एकदा म्हणाला. "बोलत न्हाई. पोरगं रडतं तरी उचलत न्हाई. माझ्या हाताला न्हाई लागू द्यायचं त्याला, म्हणती. हा हात लई वाईट हाय म्हणती."

मी चष्मा पुसला.

"बायकू माझी दिवसभर टोचती तिला. मी म्हणतो, गप बस. पर खरं सांगू मास्तर? मलाबी वाटतंच. त्या एका थपडेनं गेली पोर."

त्या वेळी सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी मनात वाक्य जुळवत होतो, पहिला शब्द कोणता घ्यावा ते ठरत नव्हतं. इब्राहिमनं पेपर घडी करून ठेवला आणि तो गेला.

अठ्ठावीस मेला हनुमंत आला. वाचनालयात तो कधीच येत नसे. दारातच चपला काढून उभा राहिला.

"तळं सोडून दिलं," म्हणाला. "मोटर लावली आन् वढ्याला सोडलं सगळं पानी. मंडळी म्हणली, त्या पान्यावर बाग नगं. जळू दे."

"बाग जाईल की."

"जाऊ दे." तो थांबला. "त्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ वाळल्यालं हाय मास्तर. त्याच्यात बोटांच्या रेघा हायेत. चार बोटं, चार बोटं, अशा. वर यायला लई धडपडली पोर. मी काय ते धुतलं न्हाई. धुववत न्हाई."

मग त्यानं खताच्या रिकाम्या पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली.

"तळाला कागदाच्या घडीत अडाकलं हुतं. तार हाय आत. पोरीचंच आसंल न्हाई का? इब्राहिमभाईच्या दारात जायला माझा पाय उचलत न्हाई. कुंपनाचं बोलत्यात. तुमचं त्यांचं घरचं हाय, तुमी द्या."

"देतो," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी मासा उलगडला. लाल रंग विटून गाजरासारखा झाला होता. जरी काळी पडली होती. शिक्क्याची शाई पार धुऊन गेली होती, एकही गोल उरला नव्हता. ते पाहून मला आधी बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच झालं होतं. मी मासा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

जूनच्या सुरुवातीला इब्राहिम म्हणाला, "तेरा तारखेला चाळिसावा हाय. फातिहा झाली की सूनबाईला खर्ड्याला तिच्या भावाकडं धाडतोय. अझहर म्हणतो, तिचं तोंड बघवत न्हाई."

अझहर त्याचा मुलगा. दुधाचा टँकर चालवतो.

"काही दिवसांसाठी?"

"त्याला इचारलं. बोलत न्हाई. पोरगं हितंच ऱ्हाईल."

"सहा महिन्यांचं पोर आईशिवाय..."

"आई उचलती कुठं त्याला? वरचं दूध पाजू." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी एवढं वाचलेलं माणूस. तुमी काय म्हणता, मास्तर?"

"मी काय सांगणार," मी म्हणालो.

तेरा तारखेला मी कापडी पिशवीत मासा घेऊन त्यांच्या घरी गेलो. मनात ठरवून गेलो होतो. हनुमंताला तळ्यात सापडला म्हणून सांगायचं, द्यायचा आणि निघायचं. एवढंही पुष्कळ आहे असं मी स्वतःला समजावलं होतं. मासा पाहिला की त्यांना आपोआप कळेल की पोर कशामागे गेली, माझं नाव यायचं कारण नाही.

फातिहा झाली होती. पंगत उठली होती. बद्रुन्निसा भाभींनी माझ्यासाठी साधा भात आणि वरण वेगळं काढून ठेवलं होतं, दर ईदला ठेवतात तसं. मी ते ताटात तसंच ठेवलं. दारात खर्ड्याहून आलेला टेम्पो उभा होता. नाझनीनचा भाऊ तिची ट्रंक आत सरकवत होता. अझहर सकाळीच टँकर घेऊन निघून गेला होता. नाझनीन उंबऱ्याजवळ चप्पल घालून बसली होती. हात मांडीवर, तळवे वर. अझीम आजीच्या कडेवर रडत होता.

"हनुमंतानं दिलंय," मी म्हणालो. "तळ्यात सापडलं."

भाभींनी मासा पाहिला. "हीच ती ओढणी," त्या म्हणाल्या. "हिच्यापायी पोर घालवली. घे, ने खर्ड्याला. डोक्यावर घे."

नाझनीननं मान वर केली नाही.

इब्राहिमनं मासा हातात घेतला आणि चष्मा लावला. शिंप्याच्या हाताला कापड लागलं की तो आधी शिवण पाहतो. त्यानं मासा उलटा केला आणि बोट टाक्यांवरून फिरवत नेलं.

"टाका आलियाचा हाय. एक लहान, एक मोठा. कितीदा सांगितलं तिला." मग त्याचं बोट थांबलं. नखानं त्यानं दोरा खरवडला आणि नख पाहिलं. "मेण हाय ह्याला. माझ्याकडं असला दोरा न्हाई. गावात कुणाकडंच न्हाई."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दोरा तुमचा हाय, मास्तर."

"माझा आहे," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. उभ्यानंच. कसं सांगितलं ते आठवत नाही. पुस्तक, जपान, शिक्का, काठी, सगळं उलटसुलट. वावटळीपर्यंत आलो तेव्हा नाझनीन बोलली. चाळीस दिवसांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"तुमच्याकडं आली होती? मारल्यावर?"

"हो."

"रडत होती?"

"नाही. हसत होती."

"काय म्हणाली? माझ्याबद्दल काय म्हणाली?"

मी सांगितलं. अर्धी घरी ठेवलीय. संध्याकाळी अम्मीलाच शिवायला लावते. शिवायला बसली की तिचा राग जातो.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. पाठ करायला घेतल्यासारखे.

"रुसून नव्हती गेली."

"नाही. मासा उडाला म्हणून गेली. मी म्हणालो होतो, मासा आहे, पाण्याकडेच जाणार."

भाभी भिंतीला टेकून खाली बसल्या. टेम्पोजवळचा भाऊ दारात येऊन उभा होता.

"चाळीस दिवस," नाझनीन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "चाळीस दिवस हे तुमच्याकडं होतं, काका. मी रोज हा हात चुलीवर धरायचे. सासूबाई ओढायच्या मागं. आणि तुम्हाला माहीत होतं, ती हसत होती."

तिनं उजवा तळवा माझ्यापुढे धरला. मी पाहिला. आता तो रोज दिसतो.

"एक सांगा," ती म्हणाली. "एवढीशी पोर एकटी निघाली. तुम्ही का नाही गेलात बरोबर?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून आलियानं माझ्या सदऱ्याची बाही ओढली होती. चला ना सर, आपण दोघं आणू, म्हणाली होती. मी म्हणालो होतो, तू हो पुढे, मी आलोच. मग खाली येऊन पंख्याखाली बसलो. एक पुस्तक अर्धं राहिलं होतं. तासाभरानं वर पाहिलं तेव्हा वाटलं, भूक लागली असेल, घरी गेली असेल.

"ऊन होतं," मी म्हणालो.

अझीम रडायचा थांबला होता. मग तो पुन्हा रडू लागला, तेव्हा भाभी उठल्या आणि त्यांनी त्याला नाझनीनच्या मांडीवर ठेवलं. तिनं आधी हात लांब धरले. मग हळूहळू ते त्याच्या पाठीवर आले.

इब्राहिम नाझनीनच्या भावाकडे वळला. "ट्रंक उतरव," म्हणाला. "जेवून जा तू. ती न्हाई यायची. अझहरला मी सांगतो."

मी निघालो. अंगणाच्या टोकाशी इब्राहिम मागून आला. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं माझी रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली.

"पिशवी राहिली तुमची," म्हणाला. पुढे मास्तर म्हणाला नाही.

तो पेपर वाचायला येत नाही. पेपर येतो, दिवसभर तसाच घडीत पडून असतो, संध्याकाळी मी तो गठ्ठ्यावर टाकतो. हनुमंताची बाग वाळली. तळ्याचं प्लास्टिक त्यानं अजून काढलेलं नाही. परवा त्यानं रस्त्यात विचारलं, दिलं का हो ते? मी म्हणालो, दिलं.

काल सकाळी टाकीत पाणी आहे का ते पाहायला गच्चीवर गेलो होतो. वरून इब्राहिमचं अंगण दिसतं. तिथं कपडे वाळत घालायची तार आहे. अझीमच्या दुपट्यांच्या रांगेत दोन मासे टांगलेले होते. एक विटलेला, गाजराच्या रंगाचा. दुसरा लालभडक, त्याच कापडाचा, जरी अजून चकाकणारी. त्याची शिवण एवढ्या दुरूनही सरळ दिसत होती. तो आकारानं मोठा होता आणि पहिल्याच्या आधी लावलेला होता, थोरल्या मुलाचा लावतात तसा. पुढच्या पानाबद्दल मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

वारा नव्हता. दोन्ही मासे तोंड उघडं ठेवून खाली लोंबत होते. ओढ्याकडची लिंबाची झाडं हलायला लागली, तेव्हा वारा तिथपर्यंत पोचायच्या आत मी जिना उतरून खाली आलो.